इसाव्यावरचं उत्तर

मंगळवारी बाबा गेले. चैत्र होता. सकाळी ते मोहफुलं वेचायला गेले आणि दुपारी त्यांना गाडीत घालून घरी आणलं. मी सानगडीला शाळेत शिकवत होते. काकानं सायकलवर माणूस पाठवला. तो वर्गाच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, घरी चला." मी फळा पुसला आणि निघाले.

एकोडीहून आत्या यायची होती, म्हणून माती बुधवारी सकाळी करायची, असं ठरलं. गावाबाहेर जिथे तिरडी खाली ठेवून खांदेकरी बदलतात, त्या जागेला आमच्याकडे इसावा म्हणतात. बुधवारी सकाळी त्या इसाव्यावर एका माणसानं माझ्या वडिलांच्या प्रेतासमोर उभं राहून त्यांच्यावर गाणं म्हटलं. गाणं स्तुतीचं नव्हतं. तो माणूस प्यालेला नव्हता, वेडाही नव्हता, आणि गाण्याचा हक्क त्याला माझ्या वडिलांनीच दिलेला होता. हे मी सावकाश लिहिणार आहे. भराभर सांगायला गेले की माझ्याकडून कोणाची तरी बाजू घेतली जाते.

बाबा शेतकरी होते. तलावाखाली आमच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, होत्या. पण गावाला ते माहीत होते ते खडी गंमत करणारे म्हणून. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. लेकी माहेरी येतात, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उकडलेल्या शिंगाड्यांचे आणि उसाचे ढीग लागतात, आणि दुपारी चौकात गंमत उभी राहते. डफ, ढोलकी, तुणतुणं, खंजिरी, आणि मध्ये बाबा. वर्षभरात गावात जे काही झालं असेल त्याचं गाणं व्हायचं. कोणी बांध कोरला, कोणी पंगतीत लपवून वडे नेले, कोणत्या मेंबरानं विहिरीच्या उद्घाटनाला पाणी टँकरनं आणलं, सगळं. नाव घ्यायचं नाही, पण सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळायच्या.

ज्याच्याकडे माना वळल्या त्याच्यासाठी आमच्या गावात एक रीत होती. गाणं संपलं की त्यानं जागेवरून ओरडून सांगायचं, "खरं हाये!" किंवा "लबाड हाये!" खरं म्हटलं की लोक हसत, त्याला ऊस देत आणि विषय तिथेच संपे. लबाड म्हटलं, म्हणजे हे खोटं आहे म्हटलं, तर पुढच्या मंडईत त्याला उत्तराची पाळी मिळे. त्यानं बाबांच्या तोंडासमोर उभं राहून त्यांच्यावर गाणं म्हणायचं आणि बाबांनी खाली बसून ऐकायचं. उत्तर पाठीमागे द्यायचं नाही, तोंडासमोरच द्यायचं, हा त्यातला मुख्य नियम होता. बाबा तो देवधर्मासारखा पाळत. त्यांच्यावर लोकांनी काय काय गायलं! त्यांच्या टकलावर, त्यांच्या उधळ्या बैलावर, शाळेत न गेलेल्या बापाच्या मास्तरीण मुलीवरसुद्धा. बाबा मांडी घालून बसत, मान डोलावत, आणि चाल चांगली असली तर मधेच "वा!" म्हणत. म्हणणारा त्यामुळे आणखी चिडे.

घरी मात्र गाण्याचं कोणाला कौतुक नव्हतं. बाबा नांगर धरून उभे राहत आणि ओळ सुचली की तिथेच थांबत. माय धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, ओरडे, "अजी, बैल उभे हायेत!"

"ऐकून राहिले ते," बाबा म्हणत. "नाई आवडलं त्याइले तं आपोआप चालू लागतील."

"आन निंदन?"

"निंदनावर अजून सुचलं नाई."

मग निंदण मायच करी. रोवणीच्या दिवसांत ती चिखलात वाकलेली असे आणि बाबा धुऱ्यावर बसून तिला नवी ओळ म्हणून दाखवत. ती वर न पाहता म्हणे, "दुसरी ओळ पडेल हाये." आणि ती खरोखर पडेल असे. बाबा दुसरी करत. मला वाटतं, त्यांच्या निम्म्या गाण्यांची दुरुस्ती चिखलात झालेली आहे.

आणीबाणीच्या दिवसांत गाणी आधी पंचायतीत दाखवावीत असं सांगण्यात आलं. त्या वर्षी बाबांनी चौकात उभं राहून फक्त बैलावरचं गाणं म्हटलं. बैल चांगला आहे, बैल कामाचा आहे, बैल बोलत नाही. लोक हसले नाहीत. घरी आल्यावर ते जेवलेही नाहीत.

आता गिरणीवाल्याबद्दल. गावात पिठाची आणि धान भरडायची एकच गिरणी होती, डिझेलच्या इंजिनावर पट्ट्यानं फिरणारी. तिच्या धुराड्याचा पुकपुक आवाज दोन शेतांपलीकडे यायचा. गिरणीवाले बाबांपेक्षा थोडे लहान. जन्म त्या आवाजात गेल्यामुळे ते घरात, देवळात, कुठेही ओरडूनच बोलत. कानात गुपित सांगायला लागले तरी ते साऱ्या गल्लीला कळे. मी त्यांना काकाजी म्हणत असे. लहानपणी ते मला पिठाच्या डब्यासोबत वजनाच्या काट्यावर बसवत आणि ओरडत, "पोरगी जड झाली गा, भरड कमी करा हिची!"

बाबा गेले त्याच्या आदल्या आश्विनात त्यांचे वडील वारले. मातीला सगळं गाव गेलं, बाबाही गेले. आणि तिसऱ्या दिवशी सुतकातच गिरणी सुरू झाली. पुकपुक ऐकून लोक घराबाहेर आले आणि एकमेकांकडे पाहू लागले. तेराव्या दिवशीच्या तेरवीपर्यंत गिरणी बंद राहणार, असंच सगळे धरून चालले होते.

दिवाळी झाली, मंडई भरली. बाबांनी चौकात खंजिरी वाजवली आणि म्हटलं:

"बाप जळे तिकडं, पट्टा फिरे इकडं,
डोळे याचे कोरडे, जशी सरणाची लाकडं!"

मी बायकांमध्ये बसले होते. लोक हसले, मीही आधी हसले, कारण ओळ बांधीव होती. मग सगळ्यांच्या माना वळल्या. गिरणीवाले हार-फुग्यांच्या दुकानाजवळ उभे होते. त्यांचा चेहरा पिठासारखा झाला होता. ते नेहमीसारखे ओरडले नाहीत. "लबाड हाये" इतकंच म्हणाले, तेही इतक्या हळू की बाबांना ऐकू गेलं नाही.

"काय म्हनला गा?" बाबांनी विचारलं.

"लबाड हाये!"

"झालं तं मंग!" बाबा खूश होऊन म्हणाले. "पुढच्या साली पाळी तुयी. तोंडासमोर देजो उत्तर."

दुसऱ्या दिवशी मी सानगडीला परत निघाले तेव्हा बाबा मला पोचवायला सडकेपर्यंत आले. मी म्हटलं, "बाबा, ज्यांच्या घरी सुतक होतं त्यांच्यावर गाणं बरं नव्हे."

"बरं नाई तं त्यानं सांगावं. तू काहून सांगतं?"

"त्यांना गाता येत नाही."

"शिकवीन ना."

"बाबा, बाप गेला होता त्यांचा."

ते सडकेपाशी थांबले. मग म्हणाले, "पोरी, मी गाऊ नये असं कोनाकोनाले वाटते, ते सारं सोडत गेलो तं मायापाशी बैलाचंच गानं उरते. ते एक साल गाऊन पायलं मी." माझं म्हणणं मी मागे घेतलं नाही. एसटी आली.

ती ओळ गावात फार चालली. मुलं गिरणीसमोरून जाताना मुद्दाम म्हणत. धान भरडायला आलेल्या बायका ती मनात म्हणत असाव्यात, कारण पट्टा फिरू लागला की त्या एकमेकींकडे बघत नसत. गिरणीवाल्यांनी बाबांशी बोलणं सोडलं. आणि बाबा, ज्यांना आयुष्यात कधी धानाचं पोतं गिरणीत न्यावंसं वाटलं नव्हतं, ते हिवाळाभर स्वतः पोतं घेऊन जाऊ लागले. एका रविवारी मी सोबत होते.

"झालं का गा?" बाबांनी विचारलं.

"थांबा, तुमच्या आधी दोन पोते हायेत."

"धान नाई. गानं."

गिरणीवाल्यांनी इंजिनाचा आवाज वाढवला. बाबांनी आपला वाढवला. "एक कडवं तरी ऐकव!"

"पोतं ठेवा आन चालते व्हा!"

बाबांनी पोतं ठेवलं. मग खांद्यावरच्या पिशवीतून आपली जुनी खंजिरी काढली आणि वजनकाट्याच्या बाजूला खिळ्याला अडकवली. "सराव करजो," ते म्हणाले. "बिना तालाचं गायला तं लोक तुलेच हासतील, आन मले शिव्या देल्या ते कोनाले कळनारच नाई."

परत येताना ते बराच वेळ चुकचुकत होते. "लय चांगला राग हाये वो त्याच्यापाशी," ते म्हणाले. "चालच नाई बिचाऱ्याजवळ."

माघात बाबांनी मायला एकदा विचारलं होतं, "त्यानं काय बांधलं असंल?" माय म्हणाली, "मले काय मालूम? पन बांधलं असंल तं तुमचा आळस बांधला असंल." बाबांना ते पटलं. त्यांनी आपल्या आळसावर दोन चांगल्या ओळी तिथल्या तिथे करून दाखवल्या आणि म्हणाले, "इतकं तरी त्याले जमायले पायजे." मंडईला अजून वर्षातला बराच भाग बाकी होता. ते दिवस मोजत नव्हते, पण वाट बघत होते. मोहफुलं वेचायला निघताना त्या मंगळवारीही ते काही तरी गुणगुणत होते, असं माय नंतर सांगायची.

बुधवारी सकाळी आम्ही घरातून निघालो. बाबांना मुलगा नव्हता, म्हणून आगीचं मडकं काकानं धरलं होतं आणि तो पुढे चालत होता. काका तापट माणूस. बाबांच्या गाण्यांवर चिडलेल्या लोकांशी हाणामारीची वेळ आलीच तर ती काकाच्या वाट्याची, असं दोघा भावांचं आपसात ठरलेलं असे. आम्ही बायका मागून चालत होतो. आमच्याकडे बायका इसाव्यापर्यंतच जातात आणि तिथून परत फिरतात. त्या दिवशी गावात काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, आणि ते काय आहे हे मला वेशीपाशी कळलं. गिरणीचा आवाज नव्हता.

इसाव्याजवळ ऐनाचं झाड आहे. त्याच्याखाली गिरणीवाले उभे होते. धुतलेलं धोतर, डोक्याला टॉवेल, हातात बाबांची खंजिरी.

पोलीस पाटील पुढे झाले. "काय गा, हे काय घेऊन आला?"

"उत्तर हाये मायं."

"आज?"

"आज नाई तं कवा?" गिरणीवाले त्यांच्या नेहमीच्या आवाजात ओरडले, आणि त्या शांत सकाळी तो आवाज फार मोठा झाला. "तोंडासमोर द्यायचं, म्हने. आज तोंड हाये. उद्या कोनासमोर देऊ, राखेसमोर?"

मागे कोणीतरी "राम राम राम" म्हणालं. आत्या जोरात रडू लागली. काका वळला. त्याच्या दोन्ही हातांत मडकं होतं आणि ते खाली ठेवता येत नव्हतं. "बाजूले करा याले!" तो ओरडला. "नाई तं हेच मडकं फोडतो याच्या डोक्यात!"

"मडकं घाटावर फोडायचं असते, भाऊ," एक म्हातारा खांदेकरी कळवळून म्हणाला. "याच्या डोक्यावर फोडलं तं तिकडं काय फोडसान?"

कोणी हसलं नाही. दोघेतिघे जण गिरणीवाल्यांना धरायला सरसावले. मी त्यांच्या आधी पुढे गेले. मला वाटलं, माझं ऐकतील. "काकाजी, आज नका गाऊ," मी म्हटलं. "तुमच्या पाया पडते. दुसऱ्या कोणत्याही दिवशी गा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे लाल होते. "कोनत्या दिवशी, बाई?" त्यांनी विचारलं. "तू शिकेल हायेस. तूच सांग. पोट्टे मायावर ते गानं जलमभर म्हनतील. मी उत्तर कवा देऊ?"

मंडईला देता आलं असतं, पण कोणाला? त्यांनी बाबांच्या गाण्याला लबाड म्हटलं होतं आणि त्या शब्दाचं पुढे जे व्हायचं ते आता कधीच होणार नव्हतं. तरी मला ते नको होतं. मला एवढंच हवं होतं की माझ्या बापाला शांतपणे नेऊ द्यावं. माणसाच्या आयुष्यात एक तरी वाट अशी असावी, की जिच्यावर त्याला कोणी काही बोलणार नाही.

तेव्हा माय पुढे आली. तिचं कपाळ पुसलेलं होतं आणि तिच्याकडे बघवत नव्हतं. ती खांदेकऱ्यांना म्हणाली, "खाली ठेवा त्याइले."

"वहिनी!" काका म्हणाला.

"इसावाच हाये हा. ठेवा खाली." मग ती काकाला म्हणाली, "अख्खा हिवाळा त्याइनं या गान्याची वाट पायली. तुमी पायलं नाई, मी पायलं. गाऊ द्या."

तिरडी खाली ठेवली. माय वाकली आणि तिनं बाबांच्या तोंडावरचं कापड मागे घेतलं. गालावर कुंकू सांडलं होतं, ते तिनं पदरानं टिपलं. मग बाजूला सरकून बसली, गंमतीला बायका बसतात तशी, मांडीवर हात ठेवून.

गिरणीवाल्यांनी खंजिरी वाजवली. ताल पहिल्याच ओळीला सुटला. ते ओरडूनच गायले:

"बायको लावे धान, हा घेई तान,
बांधीत वाढलं गवत, याले कोठं भान!
दुसऱ्याच्या सरणावर भाजली यानं पोळी,
आज याच्याच लाकडाची बांधून आली मोळी!"

प्रेताच्या तोंडासमोर उभं राहून कोणी असं बोलावं, हे मला तेव्हा सहन झालं नाही, आणि सहन व्हायला हवं होतं असं आजही वाटत नाही. काकाच्या हातातलं मडकं इतकं हलत होतं की निखारे आतल्या आत वाजत होते. गिरणीवाले थांबले. वाटलं, संपलं. पण त्यांनी घसा खाकरला, आणि पुढचं ते त्यांच्या आवाजात बोललेच नाहीत. इतक्या हळू आवाजात मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. सगळे पुढे झुकले.

"इंजिनाच्या आवाजात रडलो मी गा भाऊ,
घरात माय बसली होती, तिले कसा दावू?
तू जळशील तिकडं, पट्टा बंद इकडं,
झालं मायं उत्तर, आता पेटवा लाकडं."

खंजिरी त्यांनी खाली केली.

आता रीतीप्रमाणे ज्याच्यावर गायलं त्यानं बोलायचं असतं. ते कोणाच्या लक्षात आलं नाही, मायच्या आलं. ती बसल्या जागेवरून म्हणाली, मंडईत लोक ओरडतात तसं, सगळ्यांना ऐकू जाईल असं: "खरं हाये!"

मग थोडं थांबून म्हणाली, "सारं खरं हाये, भाऊजी. ताल तेवढा चुकला."

पुरुषांमध्ये कोणाला तरी हसू फुटलं आणि त्यानं ते खोकल्यात घातलं. गिरणीवाले तिथेच खाली बसले आणि मोठ्यानं रडू लागले. ते त्यांच्या नेहमीच्या आवाजात रडले. इंजिनाच्या आवाजात तेवढं रडणं सहज झाकलं गेलं असतं. मायनं कापड बाबांच्या तोंडावरून पुन्हा ओढलं. खांदेकरी बदलायची वेळ होती. एक बाजू रिकामी झाली आणि गिरणीवाले उठून तिथे लागले. काका त्यांच्याकडे बघत राहिला. त्याचे हात अडकलेले होते, म्हणून असेल, किंवा दुसऱ्या कशानं, त्यानं त्यांना अडवलं नाही. पुरुष पुढे गेले. आम्ही बायका परत फिरलो.

खांदा दिल्यामुळे गिरणीवाल्यांना तेरवीला खांदेकऱ्यांच्या पंगतीत बसवावं लागलं. काका वाढत होता. त्यानं त्यांच्या पानात वडा वरून टाकला, ठेवला नाही.

जेवण होत आलं तेव्हा पोलीस पाटलांनी विषय काढला. "झालं ते झालं," ते म्हणाले. "पन मयतीवर गानं म्हनजे हद्द झाली. आता ही गंमत बंद करा, नाई तं गानं आधी कमिटीले दाखवा. कमिटी हो म्हनंल तं गा."

काही माना हलल्या. मला, खरं सांगायचं तर, ते त्या क्षणी पटलं. आणि हरकत घेतली ती गिरणीवाल्यांनी.

"मायावर गायलं तवा कोठं होती कमिटी?"

"म्हनूनच म्हनतो ना, आता ठेवू."

"आता कायले? आता बैलाचंच ऐकनार काय तुमी?" त्यांच्या ओरडण्यानं पंगतीतली मुलं दचकली. मग ते भात कालवत म्हणाले, "एक करा. ज्याच्या घरी माती झाली त्याच्या तेरवीपर्यंतच्या वागन्यावर कोनी गाऊ नये. सुतकातला मानूस काहून काय करते ते त्याचं त्यालेच मालूम. बाकी समदं गावं. कोनी कोनाले विचारू नये."

दाराआडून मायचा आवाज आला, "आन उत्तर?"

गिरणीवाले म्हणाले, "उत्तर कवाही, वहिनी."

"कवाही?" काका वाढता वाढता थांबला. "उद्या एखादा सरणावर चढून गाईल!"

"चढू दे," माय म्हणाली. "ज्यानं पैले गायलं त्यानं भोगावं."

काकानं भाताचं टोपलं आपटलं, पण ठरलं ते तसंच ठरलं. कोणी काही लिहून ठेवलं नाही.

नंतरच्या आयुष्यात मी पुष्कळ वाचलं. दूरच्या देशांत लोक अनोळखी माणसांच्या अंत्ययात्रांसमोर फलक घेऊन उभे राहतात, मेलेल्याबद्दल नाही नाही ते बोलतात, आणि त्यांना बोलू द्यावं की नाही यावर न्यायालयांत वाद होतात, हेही वाचलं. दोन्ही बाजूंचे वकील हुशार असतात. वाचताना मला दर वेळी वाटतं, यांतल्या कोणाला त्या मेलेल्या माणसानं आधी काही म्हटलं होतं का? त्याचं तोंड बघून काही सांगायचं राहून गेलं होतं का? नसेल, तर त्यांनी घरी बसावं असं माझ्या मनाला वाटतं. पण त्यांना घरी बसवणारी कमिटी कोणाची, तिथे माझं मन अडतं. तिथे मला बैलाचं गाणं ऐकू येतं. बाबा असते तर त्यांनी मला विचारलं असतं, तू काहून सांगतं?

पुढच्या मंडईत कोणाला धीर होईना, म्हणून गिरणीवालेच खंजिरी घेऊन उभे राहिले. ताल तसाच होता. त्यांनी पोलीस पाटलांवर गायलं, मग काकावर गायलं. काका "लबाड हाये!" म्हणून ओरडला आणि वर्षभर त्यानं उत्तर बांधलं. मायनं त्याची दुसरी ओळ दुरुस्त केली. ऐंशीनंतर मंडईत बाहेरच्या नाटकमंडळ्या येऊ लागल्या, मांडव पडले, तिकिटं लागली, आणि चौकातली गंमत हळूहळू बारीक झाली. गिरणीही विजेवर आली. तिचा आवाज आता शेजारच्या घरातसुद्धा जात नाही.

गिरणीवाले गेले तेव्हा मी सुटीत गावी होते. त्यांना इसाव्यावर ठेवलं. खांदेकरी बदलायला पुढे झाले तेवढ्यात काका म्हणाला, "थांबा." तो आता म्हातारा झाला होता. त्यानं गर्दीकडे तोंड केलं आणि विचारलं, "कोनाचं उत्तर राहिलं हाये का?" लोक उभे राहिले. ऐनाच्या झाडावर पाखरं बोलत होती. कोणी काही म्हणालं नाही. "मंग उचला," काका म्हणाला.

मायच्या वेळीही त्यानंच विचारलं. मी सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. तिच्याबद्दल कोणाकडे काही राहिलेलं नव्हतं.

बाबांची ती ओळ आता गावात कोणाला येत नाही. गंमत होत नाही. ऐनाचं झाड आहे. तिथे तिरडी खाली ठेवली की कोणीतरी विचारतं, उत्तर राहिलं का, आणि उचलण्याआधी सगळे थोडा वेळ थांबतात.